घोडीचा दम

भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला की सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवतो. वडिलांना तिथला प्रत्येक व्यापारी लबाड वाटे. एकदा घोडी घेताना त्यांनी तिचे दात पाहिले, खूर ठोकले, रंगवली तर नाही ना म्हणून ओला रुमालही घासला. "भाऊ, घोडीले दम शे, मी खोटं नही बोलस," व्यापारी अहिराणीत म्हणाला. वडिलांनी ती घेतली, पण घरी येईपर्यंत घोडी धापा टाकू लागली. वडील तावातावाने परत गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "घोडीले दम शे, असंच सांगेल व्हतं. घोडीमा दम शे, असं कव्हय सांगं?" ‘घोडीमा दम’ म्हणजे घोडीत ताकद, ‘घोडीले दम’ म्हणजे घोडीला धाप! सगळं तपासलं, विभक्ती तेवढी राहिली. आता कुणी म्हणालं, ‘या माणसात दम आहे,’ की मी विचारतो, "माणसात, की माणसाला?"