पहिला उपचार कोणाकडे?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मोखाडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. त्या हिवाळ्यात पुण्याहून एक डॉक्टर बाई लहान मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला आल्या. पाड्यांवरची बोली त्यांना कळेना, म्हणून दुभाषा म्हणून मला त्यांच्याबरोबर धाडलं. ती बोली माझ्या घरचीच. आई माझ्याशी शेवटपर्यंत तीच बोलली. मी मात्र नोकरीला लागल्यापासून तिला शाळेच्या मराठीत उत्तरं देत असे.

बाई मनाच्या चांगल्या होत्या. दिवसभर चढउतार करायच्या, कुडाच्या घरात भुईवर बसायच्या, पुढं केलेलं पाणी मुकाट्यानं प्यायच्या. त्यांच्याजवळ छापील फॉर्म होता. प्रश्न ठरलेले आणि उत्तरांचे रकानेही ठरलेले. घर बंद दिसलं की 'बंद' लिहून त्या पुढं जायच्या.

"बाई, ही माणसं वीटभट्टीवर गेलीत," मी एकदा म्हणालो. "ज्यांच्या घरातला दाणा संपतो, तीच आधी जातात."

"खरं आहे गुरुजी. पण घरात कुणी नसेल, तर विचारायचं कुणाला?"

मी पुढच्या घराची वाट दाखवली.

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर आम्हाला एक बाई भेटली. तिचा दीड वर्षाचा मुलगा पावसाळ्यात गेला होता. ती दारात नागली पाखडत बसली होती. आम्ही बसलो तशी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पहिला उपचार कोणाकडे केला?" डॉक्टर बाईंनी विचारलं. मी तो प्रश्न बोलीत विचारला.

"भगताकडं नेला," ती म्हणाली.

भगत म्हणजे आमच्याकडचा झाडपाला देणारा, अंगारा लावणारा माणूस. तो शब्द बाईंना कळत होता. त्यांनी रकान्यात खूण केली.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. खाली मान घालून ती सांगतच राहिली, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. पोराला घेऊन ती सकाळीच सडकेवर गेली होती. बाजाराचा दिवस, त्यामुळे जीप भरलेली. थांबलीच नाही. मग ती भिजत दवाखान्यापर्यंत चालली, तर दवाखान्याला कुलूप. परत येताना वाटेत भगताचं घर लागलं. त्यानं पोराचा हात धरून पाहिला आणि सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, मोखाड्याला ने. तिच्या पायात बळ उरलं नव्हतं. म्हातारा भगतच पोराला खांद्यावर टाकून निघाला. घाटाच्या वळणावर त्याच्याच खांद्यावर पोर गेलं.

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी विचारलं.

"रस्त्यात गेला म्हणते," मी म्हणालो.

एवढंच. उशीर झाला होता, जीपवाला खालून हॉर्न देत होता. पण खरं कारण ते नव्हतं. भगताचं नाव निघालं आणि मला लाज वाटली. माझंही बालपण भगताच्या अंगाऱ्यावर गेलेलं. बाईंसमोर मला शिकलेल्यांच्या बाजूला बसायचं होतं. भगताची बाजू मांडणारा मास्तर त्यांना कसा दिसला असता, हाच विचार त्या वेळी डोक्यात होता.

दोनेक वर्षांनी जव्हारला आमचं एक प्रशिक्षण झालं. पडद्यावर त्याच अभ्यासातला तक्ता दाखवला. बालमृत्यूंच्या कारणांत 'अंधश्रद्धेमुळे उपचारास विलंब' ही पट्टी सगळ्यांत उंच होती. समोरचे साहेब म्हणाले, "यांना दवाखाना नको, भगत हवा." सगळे हसले. मीही हसलो. माझ्यासारखेच पाड्यांवरून वर आलेले निम्मे तरी त्या खोलीत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या आठवडी बाजारात पाड्यावरची ती बाई दिसली. सुकी मासळी घेत होती. मी ओळख दिली आणि राहवलं नाही म्हणून, तिचं सगळं बोलणं मी तेव्हा सांगितलं नव्हतं, हेही सांगून टाकलं. पहिल्यांदाच मी आमच्या बोलीत तिच्याशी दुसऱ्याचं नाही, माझं स्वतःचं बोलत होतो.

तिनं मासळीवालीला पैसे मोजून दिले. मग म्हणाली, "म्हणून साहेब आले काय त्याच्याकडं?"

"कुणाकडं?"

"भगताकडं. पोरांना औषध देणार नाय म्हणून कागदावर अंगठा घेतला त्याचा. आता कुणाचं पोर आजारी झालं तरी दार उघडत नाय. मागल्या पावसात माझी जाऊ पोर घेऊन त्याच्या दारात उभी व्हती. नुसतं उचलून सडकेवर ने म्हणत व्हती. तो आतून बोलला, पोराला हात लावला तं मला धरून नेतील."

"मग?" मी विचारलं.

"मग काय गुरजी," ती म्हणाली आणि मासळीची पुडी पदरात बांधू लागली.

घरी येऊन मी डॉक्टर बाईंना सहा पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, माझ्या लाजेसकट. महिन्याभरानं उत्तर आलं. अहवाल छापून झाला आहे, एका पत्रावरून आकडे बदलता येत नाहीत, असं त्यांनी कळवलं होतं. खाली शाईच्या पेनानं आणखी एक ओळ होती : "गुरुजी, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी फॉर्मच्या पाठीमागे लिहून घेतलं असतं."

त्यांनी नक्की लिहून घेतलं असतं. ते पत्र मी घरात कुणालाच दाखवलं नाही.