नाव घेऊन केलेली प्रार्थना

त्या शुक्रवारी माझी धाकटी बहीण घरातून गेली आणि परत आली नाही.

नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये मुलींचा वर्ग घेणाऱ्या ताई प्रत्येकीचे हात हातात घेऊन ऐकायच्या. "बोल गं बाळा, घाबरू नको." शाळेतल्या एका मुलाची पत्रं येतात, हे बहिणीने फक्त त्यांना सांगितलं. महिलांच्या प्रार्थनासभेत ताईंनी रडत रडत, नाव घेऊन, त्या पत्रांचंही सांगून तिच्यासाठी प्रार्थना केली. आई तिथेच होती. तिने आमेन म्हटलं आणि घरी येऊन बहिणीची शाळा बंद केली. निफाडला मामाकडे धाडायचं ठरलं, त्याआधीच ती गेली.

"अगं, मी तर देवाशीच बोलत होते," ताई मला म्हणाल्या. ते खरं होतं.

आता मुलींचा वर्ग भरत नाही. ताई शेवटच्या बाकावर बसतात. बहिणीचा पत्ता लागलेला नाही.