दिव्याची चाल

भिवाअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले होते, पण ते त्यांच्यासाठी नव्हते. पाथर्डीकडच्या त्या डोंगरातल्या गावात मास्तर म्हणून रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. सकाळी पायवाटेवरून धोतर खोचलेला एक माणूस हातात पेटतं मडकं घेऊन पळत येताना दिसला. मागून अंत्ययात्रा येत असणार, असं समजून मी अदबीने बाजूला झालो. मागून कोणीच आलं नाही. अण्णा थांबले, मडक्यात डोकावले. आत पणती तेवत होती. "कुनी मेलं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "नवरात्र जवळ आलंय."

गावची रीत अशी, की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गडावरच्या देवीपुढचा दिवा पळत गावात आणायचा. पंधरा-सोळा कोसांची डोंगरवाट, पहाटे निघून दिवेलागणीला पोचायचं आणि वाटेत दिवा विझू द्यायचा नाही. एरवी टपालाची पिशवी घेऊन गावोगाव पायी हिंडणारे अण्णा पोळा झाला की वेगळेच दिसू लागत. रोज सकाळी पेटतं मडकं घेऊन सराव. माहेरी जायचे दिवस मोजणाऱ्या सासुरवाशिणीसारखी त्यांची अवस्था होई आणि त्यावरून ते बायकोची बोलणीही खात.

मलाही त्यांनी ओढलंच. मी धापा टाकत पुढे गेलो की मागून म्हणायचे, "दिव्याच्या चालीनं पळा, मास्तर. आपल्या चालीनं न्हाई." वारा अंगावर आला की ते चक्क चालत, छातीशी मडकं धरून. पोरं हसत. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून थकलेला गाव यंदा राहू द्या म्हणाला, तेव्हा अण्णांनी घरोघरी फिरून चमचा चमचा तेल मागितलं आणि आम्ही तिघंच जाऊन दिवा आणला.

पुढच्या साली पोळ्यानंतर त्यांच्या छातीत कळ आली. नगरच्या डॉक्टरांनी पळायला साफ मनाई केली. चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी मडकं घेऊन माझ्या दारात आले आणि यंदा तुम्ही आणा, एवढंच म्हणाले. आपला दिवा त्यांनी माझ्या हाती दिला होता. मला फार अभिमान वाटला, आणि तिथेच घात झाला.

आम्ही पाच जण सुसाट निघालो. अण्णांना दाखवायचं होतं ना! शेवटच्या खिंडीत, उतारावर, दिवा विझला. परत गडावर जाणं आता शक्य नव्हतं. शेवटी एकाने विडीसाठी ठेवलेली काडेपेटी काढली. दिवा पेटवला तो मीच.

गावात पोचलो तेव्हा ऊन अजून देवळाच्या पायरीवर होतं. लोकांनी गुलाल उधळला. अण्णा वेशीतल्या लिंबाखाली दगडावर बसले होते. त्यांनी आधी उन्हाकडे पाहिलं, मग मडक्याकडे, मग माझ्याकडे. दिवा देवळात गेला, घट बसले, अण्णांनी कोणापाशी चकार शब्द काढला नाही. घट उठल्यावर मीच त्यांच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"देवीला काडीचा दिवा बी चालतो, मास्तर," ते हळू म्हणाले. "तुमास्नी चालंल का, तेवढं बगा."

मला चालणार नव्हता. माघात अण्णा गेले. त्यांच्यापुढे विस्तवाचं मडकं खरोखरच निघालं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले, आणि मला रडू आवरलं नाही.

पुढच्या नवरात्राच्या तोंडावर मी पुन्हा मडकं उचललं. खिंडीत वारा होता. मी मडकं छातीशी धरलं आणि चालू लागलो. बरोबरची पोरं वैतागली, मास्तरांचे पाय गेले म्हणाली. वेशीत पोचलो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता, लोक वाट बघून कंटाळले होते. एवढा उशीर का, म्हणून पाटील माझ्यावर खेकसले. मी लिंबाखाली थांबलो, तिथल्या रिकाम्या दगडाशी वाकून मडकं दाखवलं, आणि मग देवळाकडे निघालो.