निनावे काकांचा फ्लेक्स

लालगंजातल्या घरातून मनकर्णाबाई निनावे पायीच निघाल्या होत्या. शेजारची नंदिनी घाम टिपत त्यांच्या मागोमाग चालत होती. निनावे लेआउटची कमान आली तशा बाई नाकाला पदर लावून थांबल्या.

"पाय वं नंदिनी. निनावे लेआउट, निनावे किराणा, निनावे लॉन. अन् हा निनावे नाला. ऑटोवाल्याले इतकंच सांगा, बराबर आणते."

नाल्यात लॉनवरच्या कालच्या लग्नाच्या पत्रावळी तरंगत होत्या. उष्ट्या भातात डुकरं तोंड खुपसून होती. नंदिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

या आडनावाची बाईंना कधी लाज वाटली नव्हती. नवरा कृष्णकांत हातमागवाल्यांचं सूत रंगवायचा. बोटांचा निळा रंग जन्मभर सुटला नाही. देवाला फूल वाहताना तो हात पुन्हा धुवायचा अन् म्हणायचा, "देवाले समजते." नंदिनीने हे रोज पाहिलेलं. गेल्या महिन्यात तो गेला, तेव्हा खांदा गल्लीतल्यांनी दिला. लेआउटचे निनावे ना नात्यातले ना गोत्यातले, फिरकलेसुद्धा नाहीत.

तेरवी झाली अन् चौकात फ्लेक्स लागला. लॉनचा मालक रजत निनावे निवडणुकीला उभा. हात जोडलेला तो दरवाजाएवढा, अन् खाली कोपऱ्यात कृष्णकांत, पासपोर्टच्या फोटोएवढा. 'आमचे निनावे काका यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' नाव कुठेच नाही. किराणावाले निनावे गेले समजून लोक त्यांच्याकडे भेटायला गेले, तर ते स्वतः दुकानात गूळ तोलत बसलेले!

फ्लेक्स चौकातल्या नाल्याच्या कठड्याला बांधला होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कोणीतरी थुंकलेलं, नेमकं कृष्णकांतच्या तोंडावर. 

लॉनमधून रजत धावत आला. "काकू! पैदल काहून आल्या? गाडी पाठवली असती ना."

"हे काढ."

"अवं काकू, इज्जत देऊन राहिलो मी काकाले."

"नाव काय होतं त्याहिचं?"

रजतने फ्लेक्सकडे पाहिलं. तिथे ते नव्हतंच.

"निनावे... म्हणजे आपलेच. सारे निनावे एकच ना, काकू! मतदानापर्यंत राहू द्या."

"एकच? मंग त्या डुकरायचे फोटोबी लाव. तेही तुह्याच पंगतीले जेवून राहिले."

त्याचा फोन वाजला. 'बोला साहेब' म्हणत तो आत गेला, तो गेलाच.

बाईंनी पदराने कृष्णकांतचं तोंड पुसलं. लाल पसरलं, गेलं नाही.  कठडा धरून त्या वाकल्या. फ्लेक्सची खालची तार त्यांनी पिळून सोडवली.

"नंदिनी, वर माहा हात पुरत नाही. तू सोड माय तेवढी. पण सांभाळून वं. त्याहिचं तोंड नाल्यात नको पडू देऊ."