काचेच्या दारावरच्या मावशी

"दावा हात," त्या म्हणायच्या.

समोर डॉक्टर असो, नातेवाईक असो, की पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. आधी पालथे, मग उताणे, शेवटी नखं. बघून झालं की हनुवटीने बेसिनकडे खूण. हात कितीही स्वच्छ असले तरी खूण व्हायचीच.

"मावशी, धुवायचेच आहेत तर बघता कशाला?" मी एकदा विचारलं.

"अंगठी हाय का, धागा हाय का, कुठं कापलंय का, ते बघाय लागतं," त्या म्हणाल्या. "धुवायचं ते समद्यांनीच."

बारामतीतल्या एका रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराची एक खोली होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी पांढऱ्या पेशी फार कमी होतात, तेव्हा रुग्णाला तिथे एकटं ठेवत. निरोग्याला कळणारही नाही असा जंतू अशा माणसाला मारायला पुरतो. माझी पत्नी तिथे तीन आठवडे होती. पेशी वाढल्या की घरी, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सकाळी रिपोर्ट बघायचो आणि मग दिवसभर दुसऱ्या सकाळची वाट बघायचो.

मावशी कागदोपत्री सफाई कामगार. दार राखणं त्यांच्या कामात कुठे लिहिलेलं नव्हतं. पण नेमून न दिलेलं काम ज्यांच्यावाचून होत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका शिकाऊ डॉक्टरने रक्ताळलेला बोळा लाल पिशवीत टाकला, तर मावशी पुसणं थांबवून उभ्या राहिल्या.

"लाल पिशवी नळ्यांची, डॉक्टर. बोळा पिवळीत."

"राहू द्या हो मावशी, एकच आहे."

"एकच हाय तर काढायला किती येळ लागतुय? चिमट्यानं काढा पर."

त्याने काढला.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. पत्नी तिथेच शिकवायची. तिला घरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. ते घेऊन दाराशी गेलो, तर मावशींनी ते लांबूनच न्याहाळलं.

"ह्याला साबण लावता येतो का, सर?"

"पुस्तकाला कसा लावणार?"

"मग त्ये बाहिर बसंल तुमच्यासंगं."

शेवटी त्यांनीच वाट काढली. पत्नीचा फोन स्पिरिटने पुसून, नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या उशीशी ठेवला. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून तिला फोन लावायचो आणि पुस्तक वाचून दाखवायचो. काचेपलीकडे ती डोळे मिटून ऐकायची. मावशी फरशी पुसता पुसता ऐकायच्या. "सर, जरा दम धरा," एकदा मध्येच बाहेर येऊन म्हणाल्या, "तेवढी पल्याडची खोली पुसून येते. मी आल्याबिगर त्या मास्तराचं लगीन लावू नका."

पत्नीचे थोरले भाऊ, तात्या, कळंबकडचे. घरचा ऊस. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं, असं मानणारे. ते दहा-बारा जणांना घेऊन आले. मावशींनी एकट्या तात्यांना पुढे येऊ दिलं. तात्यांनी त्यांना निरखलं. गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं.

"म्हंजी वस्तीवरली तू. तुझा बा आमच्या रानात हुता की कामाला."

"व्हय, तात्या. पाणी वरनं वतायचा तुमी त्यास्नी. ओंजळीत." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "करा ओंजळ."

तात्यांनी ओंजळ केली. मावशींनी वरून बाटलीतलं औषध त्यांच्या हातांवर ओतलं. "चोळा. बोटांच्या मधी बी. वाळंस्तवर." तात्या चोळत राहिले. मी खाली फरशीकडे पाहत होतो.

खाली गाडीत बसताना तात्यांनी माझ्या हातात अंगाऱ्याची पुडी दिली. "त्या बाईला इचारत बसू नगंस. चिमूटभर लाव."

रविवारी मावशींची सुट्टी असायची. मी हात धुतले, मास्क लावला, गाऊन चढवला. आत गेल्यावर गाऊनखालच्या खिशातून पुडी काढली आणि तिच्या कपाळाला अंगारा लावला. माझा यावर फारसा विश्वास नाही, हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी ताप आला. पुढच्या सोमवारी ती गेली.

"जंतू त्यांच्याच आतड्यातले होते," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून काही आलेलं दिसत नाही." मी मान हलवली. 'दिसत नाही' एवढंच लक्षात राहिलं.

कागद तयार होईपर्यंत मी त्याच खुर्चीवर बसलो होतो. दार उघडं होतं. मावशी खोली धूत होत्या. वरून खाली: आधी दिवा, मग सलाइनचा स्टँड, पलंगाच्या कडा, मग गादी. औषधाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मी दारापर्यंत गेलो आणि पुडीचं सगळं सांगितलं.

त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. सुट्टीवरनं आले त्या सोमवारी बाईंचं त्वांड पुसताना दिसलं. कपाळाला राख हुती."

"मग बोलला नाहीत?"

"बाई म्हणल्या, सरांस्नी काय बोलू नगा. शिष्टरलाबी सांगू नगा, त्यांचं आत येणं बंद करतील." त्यांनी गादी उलटली. "म्या न्हाय सांगितलं. हितं कामाला लागल्यापास्नं पयल्यांदाच."

"ती तुमच्यामुळे गेली नाही, मावशी."

"त्ये मला काय ठावं. आन् तुमालाबी न्हाय ठावं."

गादीची दुसरी बाजू पुसून त्यांनी बादलीतलं पाणी बदललं.

महिन्याने एका दाखल्यासाठी पुन्हा जावं लागलं. खाली खिडकीवर मावशींची चौकशी केली. पत्नी गेली त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. लोणी देवकरला कुठल्याशा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी निवडतात, असं तिथली मुलगी म्हणाली.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काचेच्या दाराशी कोणी नव्हतं. दार हलकंच ढकलून पाहिलं, ते उघडलं. आत एक तरुण मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी दार ओढून घेतलं.

तेवढ्यात एक गृहस्थ जिना चढून आले. हातात डबा, पायांत चपला, घामेजलेले. मुलीचे वडील असावेत. त्यांना वाटलं, मी तिथलाच.

"आत जाऊ का, साहेब?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणालो. "शिष्टर येऊ द्या."

ते थांबले. डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. मीही दाराला पाठ लावून तिथेच उभा राहिलो.