पाटावरचा बर्फ

काल अर्नाळ्याला, माहेरच्या ओटीवर, दादाने आपल्या लेकीला होडीवर न्यायला साफ नकार दिला. "बुडली त?" म्हणाला. बाजूला मासे खारवायच्या जाड्या मिठाची गोणी उघडी होती. ते मीठ पाहताच मला त्याच ओटीवरची जुनी संध्याकाळ आठवली. मी हिमालयातल्या शिबिराला जायचं म्हणून हटून बसले होते.

"बरफाखाली गाडली गेलीस, त कोन काढनार?" बाबांनी विचारलं.

मी पाटावर ओलं मीठ थापलं, त्यावर मोहरी पसरली, मोहरीवर पुन्हा ओलं मीठ. धाकटी भावंडं जवळ सरकली. "बरफ असाच थरांनी पडतो," मी त्यांना सांगितलं. "मधला थर सुटा राहिला, त वरचा धरून ऱ्हात नाय."

पाट जरासा तिरपा केला. काही हललं नाही. मग बोटाने दाबलं, तशी वरच्या मिठाला आडवी भेग पडली आणि ते अख्खं बाबांच्या पायांवर घसरलं.

"हेच म्हनतो मी."

"असा उतार ओळखायलाच शिकवतात तिथं. दादा रोज दर्यात जातो, त्याला कोन इचारतो, बुडलास त?"

बाबा पायांवरचं मीठ झटकत उठले. मला वाटलं, मी जिंकले. ते दादासाठीही रोजच भीत होते, हे आता कळतं. तरी मी गेले ते बरंच केलं.

काल मी दादाशी वाद घातला नाही. भाचीला म्हटलं, "पाट आन. होडी कशी कलंडते, ते तूच दाखव बाबाला."