दुसरं मशीन

कॉलेजात मला शिकवायला जो सर होता, त्याला मी पाढे शिकवले होते. हे ऐकून लोकांना भारी गंमत वाटते. वाटू दे. पहिल्या बाकावर बसून त्याच्याच तोंडून "चला, बडबड बंद" ऐकायची पाळी त्यांच्यावर आलेली नाही.

विरारला मनवेलपाड्यात मी वीसेक वर्षं घरी शिकवण्या घेते. पहिली ते चौथी, सगळे विषय. हा आमच्या मागच्या गल्लीतला. आई रोज हाताला धरून आणून सोडायची. शेंबूड पुसत पुसत मोठा झाला, एमएस्सी झाला आणि विरारच्याच एका कॉलेजात लागला. सगळी पोरं मला टीचर म्हणतात, तोही टीचरच म्हणायचा. मी त्याला काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, आता त्याचं लग्न झालंय.

चाळिशी उलटल्यावर मी कॉलेजात कशाला तडमडले? तर जवळच्या एका शाळेत मला कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं होतं. खरी शाळा. फळा, घंटा, स्टाफरूम आणि स्टाफरूममध्ये माझी स्वतःची खुर्ची. सतरंजीवर मांडी घालून जन्म काढलेल्या बाईला खुर्चीचं काय अप्रूप असतं, ते खुर्चीवाल्यांना कळायचं नाही. मोठ्या बाईंनी घेतानाच सांगितलं होतं की पदवी पूर्ण करा, तोवर आम्ही सांभाळून घेतो. मग काय, सकाळी कॉलेज, दुपारी शाळा, संध्याकाळी शिकवण्या. स्वयंपाक कधी करायचे ते मलाच आठवत नाही, नवऱ्याला विचारा.

बाकीचे सगळे विषय सुटले. एकच राहिला, इंटरनेटसाठीचं ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. त्यात एकदा नापास होऊन केटी, म्हणजे फेरपरीक्षा, गळ्यात पडलेलीच होती. आता मोठ्या बाई म्हणाल्या, जूनपर्यंत पदवी आणा, नाहीतर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल. म्हणजे ह्या खेपेला सुटला तर खुर्ची माझी, नाहीतर त्यावर दुसरी कोणीतरी बसणार. आणि ह्या वर्षी सोडवणारा कोण, तर हा.

वर्गात आमची भलतीच पंचाईत व्हायची. तो बाकीच्या पोरांना अरे-तुरे करायचा. माझ्यापाशी आला की नुसतं "हं, पुढे" म्हणायचा. मीही काही कमी नव्हते. त्याला सर म्हणायला जीभ वळेना आणि अरे म्हणायची सोय नाही, म्हणून "ते मघाचं परत सांगितलं तर बरं होईल" असं भिंतीकडे बघून बोलायचे. वर्गातल्या पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसायच्या.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, समजा कार हा एक क्लास, म्हणजे साचा आहे, आणि रस्त्यावरची प्रत्येक गाडी हा त्याचा ऑब्जेक्ट. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता अख्ख्या वर्गात एकाच्या तरी घरी कार होती का? सगळी शेअर रिक्षाची गिऱ्हाईकं. मी म्हटलं, रिक्षा घेतली तर चालेल का? चालेल म्हणाला. मग फळ्यावर रिक्षा काढली, ऑब्जेक्ट तयार होतानाच त्यात तीन प्रवासी ठरवून टाकायचे असं सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे चार असतात, चौथा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतो, त्याचं काय करायचं? वर्ग खदाखदा हसला. ह्याचे कान लाल झाले. लहानपणीही आधी कानच लाल व्हायचे.

पण खोटं कशाला बोलू, विषय मला आवडायला लागला. ऑब्जेक्टच्या आतल्या गोष्टींना बाहेरच्याने परस्पर हात लावायचा नाही, मागायचं ते त्याच्याकडेच मागायचं, हे त्याने सांगितलं तेव्हा पोरं जांभया देत होती. मला चटकन कळलं. शेजारणीकडे वाटीभर साखर हवी असेल तर दारात उभं राहून मागतात, तिच्या फळीवरचा डबा आपण जाऊन उघडत नाही. चाळीत राहिलेल्या बाईला हे शिकवायला एमएस्सी लागत नाही.

प्रकल्प म्हणून मी माझ्या शिकवणीचीच वेबसाइट केली. पालकांनी पोराचं नाव आणि पासवर्ड टाकायचा की चाचणीचे गुण समोर. घरच्या मशीनवर शंभर वेळा बघितलं, चोख चालत होती. परीक्षेला आठवडा होता. म्हटलं जरा मिरवून घेऊ. एका संध्याकाळी सगळ्या पालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली.

हात दाखवून अवलक्षण! पंधरा मिनिटांत दारात बायकांची जत्रा. हिच्या फोनवर तिचा पोरगा, तिच्या फोनवर हिची पोरगी. एका मातेने आपल्या रत्नाचे पंचवीसपैकी चोवीस आहेत म्हणून वर्षभर गल्लीला पकवलं होतं. त्याचे अकरा शेजारणीच्या फोनवर झळकले. ती नाक फेंदारून आली, हातात लाटणं नव्हतं एवढीच देवाची कृपा. सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मशीन उघडलं. सगळं बरोबर! ज्याचे गुण त्याला. सकाळी बघितलं, बरोबर. दुपारी बघितलं, बरोबर. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते काही सापडेना. 

गल्लीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी सरची आई खोबऱ्याच्या वड्या घेऊन हजर. मला म्हणाली, तू कशाला जीव टांगणीला लावतेस, परीक्षा कोण घेणार आहे, आमचाच ना तो? तुझ्या हाताखाली शिकला म्हणून आज चार माणसांत उभा आहे, मी बघते त्याच्याकडे. मी आपली "नको हो वहिनी, कशाला" म्हणाले, पण इतक्या बारीक आवाजात की मलाच ऐकू आलं नसेल. वड्या मात्र सगळ्या खाल्ल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो स्वतःच आला. कॉलेजातून परस्पर, पाठीला बॅग तशीच. आत काही येईना. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा.

म्हणाला, "टीचर, आई म्हणते तुम्हाला पास करायचं. काय करू, तुम्हीच सांगा."

आता माझ्या जागी पुस्तकातली बाई असती तर बाणेदारपणे काहीतरी बोलली असती. मला खुर्ची दिसत होती.

"पास कर," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. त्या दिवशी मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. वसईकडच्या, तिथल्या जुन्या गावातल्या असाव्यात. आल्या आल्या "जरा पानी मिळेल का?" म्हणाल्या आणि मला एकदम घरच्यासारख्या वाटल्या. माझा नंबर आला. सर बाजूला उभा, खिडकीबाहेर बघत. मी एका मुलीचं नाव टाकलं, तिचे गुण आले. बाई छान म्हणाल्या. काय सुंदर शब्द आहे! त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

तेवढ्यात ह्याने शेजारचं मशीन पुढे ओढलं. माझीच वेबसाइट उघडली, दुसऱ्याच एका पोराचं नाव टाकलं आणि मला म्हणाला, आता तुमच्या मशीनवर पुढच्या पानावर जा. गेले. माझ्या स्क्रीनवरची मुलगी गायब, तिच्या जागी त्याने टाकलेला तो पोरगा.

बाईंनी टोपण परत लावलं. हे असं कसं झालं, त्यांनी विचारलं. कसं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कोणाचं पान उघडलंय हे लक्षात ठेवायला एकच ऑब्जेक्ट बनवला होता, सगळ्या जगाला मिळून एक. एकटीने बघितलं की बरोबर, दोघं एकदम आले की शेवटी आला तो खरा. चाळीतली सवय. आमच्याकडे नळ एक, टीव्ही एक, फोन एक, तोही पहिल्या खोलीत. ज्याचा त्याचा वेगळा द्यायचा हे डोक्यात आलंच नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं असतं तर एखादा गुण वाढला असता, पण मी तेच पान परत परत उघडून बघत बसले. ह्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नापास. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शाळेच्या मोठ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनाही वाईट वाटलं. पण जूनमध्ये माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसली. मी माझा कप आणि खडूचा डबा घेऊन घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले, कारण संध्याकाळची पोरं यायची वेळ झाली होती. राग म्हणजे किती यावा? समोर असता तर पूर्वीसारखा कान धरला असता. पास करायचं नव्हतं तर बरं कशाला म्हणालास, मेल्या?

त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. चार दिवसांनी तो आला. परत उंबऱ्याबाहेर. मी पोळ्या लाटत होते, उठले नाही. आतूनच विचारलं, "बरं म्हणालास ना?"

"पास करायचं ठरवूनच आलो होतो," तो म्हणाला. "बाईंनी पेन उघडलं आणि माझा हात त्या दुसऱ्या मशीनकडे गेला. टीचर, भागाकार सुटला तरी ताळा केल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही, हे हातात बसलंय. काय करू?"

त्याला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं मला. चांगली चार-पाच वाक्यं तयारही होती. मी लाटलेलीच पोळी परत लाटत बसले. इतकी वर्षं घसा फोडून शिकवलं, त्यातलं कोणाला किती राहिलं देव जाणे. एका पोराच्या हातात राहिलं होतं, आणि ते मलाच नडलं. पोळी तव्यावर करपली. आत ये म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. मग चपला घालून तो गेला.

पुढच्या सत्रात परत बसले. नोकरी गेली होती, घाई कसली? पण ते एकाच ऑब्जेक्टचं लफडं डोक्यातून जाईना. निस्तरलं. आता जो येईल त्याचा ऑब्जेक्ट वेगळा, कोणाचा कोणाला पत्ता नाही. प्रॅक्टिकलला दोन्ही मशीन मी स्वतःच आधी उघडून ठेवली. दोन्हीकडे दोन पोरं. कितीही पानं उलटा, आपापल्या जागेवरून हलत नव्हती. नवे परीक्षक म्हणाले, उत्तम, आणि सही करायला वाकले.

तर ह्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि तिसऱ्या पोराचं नाव टाकायला लागला.

राग आलाच. मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. आणि त्याच्या खांद्यावरून वाकून मीही बघायला लागले. पान उघडायला मेलं नेट हळू. तिसरंही बरोबर आलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.